नकली चारिझार्डच्या मालकास खुले पत्र

प्रति,
पोकेमॉनची नकली कार्डं छापणारे आणि ठोकानं वऱ्हाडात पाठवणारे भाऊ यांस,

तुमच्या पुड्यावर तुमचं नाव नाही. गाव नाही, फोन नाही, छापखान्याचा उल्लेख नाही. आग ओकणारा एक चारिझार्ड आहे, चुकीचं स्पेलिंग असलेली इंग्रजी आहे आणि किंमत आहे. एवढ्यावरून तुमच्या दारापर्यंत पोचता येत नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे.

माझी तक्रार काय आहे ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की परदेशी कंपनीची वकिली करायला कुणीतरी अमरावतीत उभा राहिला. कंपनीचं कंपनी पाहून घेईल. तिच्यासाठी १९९९ चा ट्रेड मार्क कायदा आहे. खोट्या छापाचा माल विकणाऱ्याला त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. तुमच्या धंद्याचा पसाराही मला ठाऊक आहे. २०२१ मध्ये शांघायच्या विमानतळावर नेदरलँड्सला निघालेली ७.६ टन नकली पोकेमॉन कार्डं चिनी कस्टम्सनं पकडली होती. एवढा माल जिथं एका खेपेत निघतो, तिथं आमच्या शाळेसमोरच्या टपरीवर दोरीला लटकलेले चार पुडे म्हणजे काहीच नाही. त्या टपरीवाल्यावर माझा राग नाही. बहिरमच्या यात्रेत चादर अंथरून बसलेल्या बाईवरही नाही. त्यांना माल येतो, ते विकतात. त्यांना या खेळाचा एकही नियम माहीत नाही, आणि माहीत असावा अशी अपेक्षाही नाही.

तुम्हाला मात्र माहीत असायला हवा होता. तुम्ही आमच्या पोरांना कार्डं विकली आणि त्यातला खेळ काढून घेतला. माझं भांडण एवढंच आहे, आणि ते कंपनीच्या नुकसानीपेक्षा मला फार मोठं वाटतं.

खेळ काय आहे ते ऐका, कारण तो तुमच्या छापखान्यात कुणी एकदाही मांडून पाहिलेला नाही हे तुमच्या मालावरूनच कळतं. जपानात हा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये आला, इंग्रजीत १९९९ मध्ये. डेक साठ पत्त्यांचा, एक कमी नाही की एक जास्त नाही. बेसिक एनर्जी, म्हणजे हल्ल्याला लागणारं इंधन, सोडली तर एकाच नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते ठेवता येत नाहीत. पिसायचं, समोरच्याकडून कापून घ्यायचं, सात उचलायचे. त्या सातांत निदान एक बेसिक, म्हणजे थेट उतरवता येणारा, पोकेमॉन लागतोच, कारण मैदानात पहिला तोच उतरतो. सहा पत्ते बक्षीस म्हणून पालथे बाजूला. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातला एक उचलायचा, मोठा 'ईएक्स' पाडला तर दोन. सहाही ज्यानं आधी उचलले तो जिंकला. एका पाळीत एनर्जी एकदाच लावता येते, सपोर्टर नावाचा मदतीचा पत्ता एकच खेळता येतो, आणि हल्ला केला की पाळी संपली.

आता चारिझार्ड. तुमच्या प्रत्येक पुड्यावर तोच असतो, तेव्हा त्याचंच उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये आलेला चारिझार्ड ईएक्स ३३० एचपीचा आहे, म्हणजे तेवढा मार सोसतो. तो मैदानात आला की डेकमधून तीन फायर एनर्जी शोधून लावता येतात. त्याचा मार १८० चा, आणि समोरच्यानं घेतलेल्या प्रत्येक बक्षिसामागे आणखी ३०. म्हणजे तुम्ही जितके मागे पडाल तितका तो जोरात मारतो. मला हा पत्ता फार आवडतो, कारण हरत आलेल्या मुलाला तो शेवटपर्यंत खुर्चीत बसवून ठेवतो. पण तो थेट उतरत नाही. आधी चारमँडर लागतो, मग चारमेलियन, मग चारिझार्ड. किंवा चारमँडरवर रेअर कँडी टाकून मधली पायरी ओलांडायची, तीही चारमँडर उतरला त्याच पाळीत नाही. चारमँडर हातात यावा म्हणून बडी-बडी पॉफिन ठेवायची, तिच्यानं ७० किंवा कमी एचपीचे दोन बेसिक डेकमधून बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, येतात. चारिझार्ड शोधायला अल्ट्रा बॉल, त्यासाठी हातातले दोन पत्ते टाकायचे. कोणते टाकायचे, ह्या एका प्रश्नावर आमची मुलं कपाळाला आठ्या घालून बसतात, आणि तेवढा वेळ घरात मोबाइलचा आवाज नसतो.

रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर ही मुलं जमतात, कधी अकोल्याची दोन-चार पोरं पॅसेंजरनं येतात. डेक लावताना आम्ही हिशेब करतो. एखादा पत्ता एकच ठेवला तर पहिल्या सातांत तो येण्याची शक्यता शंभरात बारा. चार ठेवले तर त्यातला एक तरी येण्याची शंभरात चाळीस. बेसिक दहा ठेवले तरी चारांतल्या एका डावात पहिला हात कोराच निघतो. एकच प्रत ठेवलेला पत्ता दहांतल्या एका डावात बक्षिसाच्या सहांत जाऊन अडकतो, मग तुम्ही डेक कितीही शोधा. हे सगळं आठवीतली मुलगी वहीत मांडून दाखवते. गणिताच्या शिकवणीला जी कंटाळते तीच ही मुलगी, आणि इथं 'तीन ठेवू की चार' यावर ती माझ्याशी भांडते.

आता तुमचा माल या ओसरीवर आला तेव्हा काय झालं ते सांगतो.

बडनेऱ्याचा एक सहावीतला मुलगा रबर लावलेला गठ्ठा घेऊन आला. सोनेरी पत्ते, काळे पत्ते, चंदेरी पत्ते. मोजून साठ केलेले. म्हणाला, "काकाजी, माह्या डेकमंदी एकबी साधं कार्ड नाई. सारे भारीच हायेत." समोर बसली ती पोरगी नियमाची पक्की. त्यानं पिसलं, तिनं कापलं. सात उचलले. बेसिक नाही. नियमाप्रमाणे हात दाखवला, परत पिसलं, सात उचलले. बेसिक नाही. दर वेळी तिला एक जादा पत्ता घ्यायचा हक्क, तो ती बोट ओलं करून घेत होती. पुन्हा पिसलं. पोराचे कान लाल व्हायला लागले. शेवटी मी गठ्ठा चटईवर उलटा केला. सगळी व्हीमॅक्स आणि चारिझार्डसारखी दुसऱ्या पायरीची. व्हीमॅक्स बसतो तो 'व्ही' नावाच्या बेसिकवर, आणि 'व्ही' त्यात एकही नव्हता. चारमँडर नाही. एनर्जी नाही. ट्रेनर, म्हणजे अल्ट्रा बॉलसारखे मदतीचे पत्ते, तेही नाहीत. एका पत्त्यावर एचपीचा आकडा असा छापलेला, की खऱ्या खेळात तेवढा कुठल्याच पोकेमॉनला नाही. तो म्हणाला, "मंग मी सुरू कसा करू जी?"

करता येत नाही, हे त्याला मला सांगावं लागलं. ते सांगायचं काम तुमचं होतं. खाऊचे, दिवाळीचे, मामानं दिलेले असे सगळे पैसे त्यानं त्या गठ्ठ्यात घातले होते. त्या पैशात तयार लीग बॅटल डेक नसता आला, पण साधा, लंगडा का होईना, सुरू होणारा डेक आला असता. नंतर आणखी एकाच्या गठ्ठ्यात दोन-चार बेसिक निघाले, तर त्याच्याकडं एनर्जीचा एकही पत्ता नव्हता. तो पोकेमॉन उतरवून नुसता बसून राहिला.

तुम्ही हे चुकून केलं नाही. चारमँडर चमकत नाही, म्हणून तुम्ही तो छापत नाही. अल्ट्रा बॉल, नेस्ट बॉल, रेअर कँडी यांना सोनेरी वर्ख शोभत नाही, म्हणून तेही छापत नाही. जिंकणारा कुठलाही डेक उघडून पाहा, त्यातले निम्म्याहून जास्त पत्ते असेच मळकट दिसणारे असतात. पोरं त्यांनाच आधी फेकतात, आणि त्यांच्याशिवायच डाव अडतो. तुमच्याकडं रंग आहे, वर्ख आहे, कटिंगचं मशीन आहे. नियमांचं एक पान नाही.

सावंतवाडीच्या गंजिफांचं काम तुम्ही एकदा जाऊन पाहा. दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते: एक राजा, एक प्रधान, आणि एकपासून दहापर्यंतचे साधे. चितारी हातानं रंगवतो. राजा-प्रधान मिळून वीसच पत्ते देखणे, गिऱ्हाईक त्यांच्यावरच भाळतं. तरी तो उरलेले शंभर तितक्याच निगुतीनं रंगवतो, कारण त्यातला एक जरी कमी पडला तरी डाव मांडता येत नाही. त्याला पत्ते विकायचे असतात, पण ते खेळले जावेत हेही त्याला ठाऊक असतं.

वऱ्हाडात माल खपवता, तर आमच्याकडचं एक दुखणंही तुम्हाला माहीत असेल. मृगाच्या तोंडावर बाप चकचकीत पुडा आणतो, वर बोंडांनी लदलेल्या कपाशीचं चित्र, पेरतो, आणि आठ-दहा दिवसांनी तासात नुसती माती. बोगस बियाणं. तुमचा पुडा त्याच जातीचा आहे, चित्र पिकाचं आणि आत उगवण नाही. फरक एवढाच की बाप कृषी केंद्रावर जाऊन भांडतो, तक्रार करतो, पंचनामा मागतो, दुबार पेरणीची सोय बघतो. अकरा वर्षांचं पोरगं पंचनामा कुणाकडं मागणार? ते गप्प बसतं आणि आपल्यालाच काही समजत नाही असं धरून चालतं.

अकोल्याच्या एका मुलीचं ऐका. तिच्या मावशीनं बाहेरून अस्सल पुडा आणला होता. दहा पत्ते, एक एनर्जी, आणि मोबाइलवरच्या खेळाचा कोड. त्यात एक अल्ट्रा बॉल निघाला, साधा, न चमकणारा. वर्गातल्या मुलानं त्याच्या बदल्यात तुमचा सोन्याचा पिकाचू दिला. तिला वाटलं आपण फायद्यात राहिलो. त्या मुलालाही काही कळत नव्हतं, त्यालाही तुम्हीच फसवलेलं. दोघंही खऱ्या मैत्रीनं अदलाबदल करून घरी गेले, आणि पंधरा दिवसांनी ओसरीवर आल्यावर दोघांनाही कळलं. आता ती दोघं बोलत नाहीत. अदलाबदल हा या खेळाचा अर्धा आनंद आहे. आज आमच्याकडं कुणी पत्ता पुढं केला की आधी तो उजेडासमोर धरला जातो.

कसा ओळखायचा ते आम्ही प्रत्येक नव्या मुलाला शिकवतो, आणि इथंही लिहून ठेवतो. अस्सल पत्त्याच्या दोन थरांच्या मधे काळसर थर असतो, म्हणून टॉर्चचा उजेड आरपार तितका येत नाही. तुमच्या पत्त्यातून तो सरळ येतो. पाठीचा निळा रंग तुमच्याकडं कधी फिका, कधी जांभळट. मागच्या नावातल्या 'ई'वरची तिरकी रेघ बऱ्याचदा गायब. महागड्या अस्सल पत्त्यावर बोट फिरवलं तर बारीक कोरीव रेषा लागतात, तुमचा पत्ता काचेसारखा गुळगुळीत. लहान मुलांच्या हातात खेळ द्यायचा तर आधी संशय द्यावा लागतो, ही वेळ तुम्ही आणली.

आणि तुमच्या धंद्याची ती दुसरी, जास्त सफाईची शाखा? जी रंग, स्पेलिंग, कोरीव रेषा सगळं जवळपास बरोबर छापते आणि मोठ्या मुलांना एकेक पत्ता 'ओरिजनल' म्हणून विकते? आमच्यातला अकरावीतला एक मुलगा २०२४ च्या हिवाळ्यात बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं पुण्याला एका स्पर्धेला गेला. डेक महिनोन् महिने घासून लावलेला. चारिझार्ड ईएक्स आणि जोडीला पिजॉट ईएक्स, जो दर पाळीला डेकमधला हवा तो एक पत्ता हातात आणून देतो. यादी लिहून दिली. पहिल्या फेरीआधी जजनं प्लास्टिकच्या स्लीव्हमधून एक पत्ता काढला, वाकवून पाहिला, उजेडासमोर धरला, मग दुसरा. चारिझार्ड दोन्ही नकली. त्यानं ते पावतीशिवाय, पण चांगल्या भावानं घेतले होते. बदली पत्ते मिळाले नाहीत, तेव्हा त्या जागी फायर एनर्जी घालून खेळायला बसला. पिजॉट दर पाळीला विचारतोय कोणता पत्ता आणू, आणि ज्याच्यासाठी उरलेले अठ्ठावन्न ठेवले तोच डेकमध्ये नाही. पोरगा सगळ्या फेऱ्या खेळला. प्रत्येक डावानंतर समोरच्याशी हात मिळवला. जजनं बरोबर केलं, तो स्वतःही तसंच म्हणाला. घरी मात्र वडील म्हणाले, "झालं का पत्ते कुटून?" आणि त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

वडिलांचंही काय चुकलं? त्यांनी आजवर पाहिलेली कार्डं तुमचीच. भेळेच्या कागदागत विटणारी, दप्तराच्या तळाशी पडलेली, ज्यांच्यावरून शाळेतून चिठ्ठी आली ती. त्यांच्या लेखी पोकेमॉन म्हणजे पैशाची नासाडी आणि जुगाराची पहिली पायरी. याच चमकत्या पत्त्यांमागं साठचा हिशेब, शक्यतांचं गणित, पन्नास मिनिटांत तीनपैकी दोन डाव जिंकायचा धीर, हरल्यावर हात पुढं करायची सवय आहे, हे त्यांना कोण दाखवणार? आमच्या गावाला खेळ कमी लेखायची सवय नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथं १९१४ पासून आहे, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवायला तिथलीच माणसं गेली होती. ज्या गावानं मातीतला खेळ तिथपर्यंत नेला, त्या गावातल्या बापाला पोराच्या हातातला खेळ हा खेळच वाटू नये, इतकं तुम्ही तो बदनाम केला.

तुम्ही म्हणाल, अस्सल परवडत नाही म्हणून तर लोक आमचं घेतात. अस्सल पुडा महाग जातो, हे खरं आहे, आणि वऱ्हाडातल्या घरात तो सहज निघणारा खर्च नाही. पण त्यावर आमची मुलं काय करतात ते पाहा. वहीचा कागद कापतात, पेनानं लिहितात: 'अल्ट्रा बॉल, दोन टाक, एक पोकेमॉन शोध.' जुन्या पत्त्यावर तो कागद ठेवून स्लीव्हमध्ये सरकवतात. स्पर्धेत तो चालत नाही, घरी उत्तम चालतो, आणि कुणालाही फसवत नाही. ज्यांच्याकडं फोन आहे ती टीसीजी लाइव्हवर, म्हणजे याच खेळाच्या मोबाइलवरच्या रूपात, फुकट खेळतात, तिथं तयार डेक मिळतात. सरावाला एवढं पुरतं. बडनेऱ्याच्या त्या मुलाचा पहिला खरा डाव अशाच कागदी डेकनं झाला. त्याचा चारमँडर त्यानं स्वतः काढला होता, शेपटीची आग जरा जास्तच मोठी. तो हरला आणि लगेच म्हणाला, "अजून एक."

म्हणजे वहीच्या कागदाला जे जमतं ते तुमच्या सोनेरी वर्खाला जमत नाही.

माझं मागणं सांगतो. छापायचं थांबवा, हे तर आहेच. पण तुमच्याकडं छपाई आहे, कापणी आहे, आणि माल बहिरमपर्यंत पोचवायची यंत्रणा आहे, जी कुठल्याच चांगल्या खेळाच्या मालकाकडं आज नाही. ती वापरून स्वतःचा खेळ काढा. मेळघाट आमच्याच जिल्ह्यात आहे. वाघ आहे, गवा आहे, अस्वल आहे, रानकुत्र्यांचे कळप आहेत. त्यांचे पत्ते करा, साधे पत्ते आधी करा, नियमांचं पान मराठीत छापा, पुड्यावर तुमचं नाव घाला. वीस रुपयांना द्या. पहिला पुडा मी घेईन, आणि चूक असेल तिथं मुलं दुरुस्त्या लिहून पाठवतील. त्यांना ते येतं.

त्याआधी एक काम करा. तुमच्याच गोदामातले हवे तेवढे पुडे फोडा, कुठलेही पत्ते निवडा, आणि त्यातून साठांचा एक डेक लावून रविवारी चारला आमच्या ओसरीवर या. आठवीतली ती मुलगी तुमच्यासमोर बसेल. ती कापून देईल, तुम्ही सात उचला. बेसिक निघाला आणि त्याला लावायला एनर्जी मिळाली, तर पुढचं बोलू.

— अमरावतीचा एक काकाजी